खोडलेले तीन शब्द

१

माझी नात श्रुतिका गुरुवारी दुपारी साडेचारला इमारतीच्या मागे, सांडपाण्याच्या पाइपांजवळ सापडली. वॉचमन राजारामने आधी पाहिली. चौथ्या मजल्यावरच्या गच्चीतून खाली, एका पायात चप्पल, दुसरी लांब पडलेली. मी तेव्हा डोळे तपासायला दवाखान्यात गेले होते. परत आले तर फाटकाशी ही गर्दी, आणि मला वाट करून देताना एकही माणूस माझ्या तोंडाकडे बघेना. तेव्हाच कळलं की जे काय झालंय ते माझ्याच घरात झालंय.

मी मालन. विक्रोळीच्या या वसाहतीत पन्नास वर्षं काढली. शाळा चौथीत सुटली. पण गिरणी बंद पडली तेव्हा डबे करून नवरा, सासू आणि मुलगा मीच जगवले, त्यामुळे इथे मला अक्कल शिकवायला सहसा कोणी येत नाही. मुलाला सगळे अण्णा म्हणतात. श्रुतिका त्याची एकुलती एक. चोवीस वर्षांची, आईवेगळी.

तिचा फोन गच्चीच्या कठड्यावर सरळ ठेवलेला होता. चार वाजून दहा मिनिटांनी त्यावरून आमच्या घरच्या ग्रुपवर मेसेज आला होता. अण्णाला वाचवेना, म्हणून सुयोगने तो मोठ्याने वाचला. सुयोग दुसऱ्या मजल्यावरच्या सुंदराबाईचा मुलगा, माझ्या डोळ्यांसमोर वाढलेला. मेसेज असा होता:

"अल्पेशने मला दोन महिने ब्रेडक्रंब केलं. मी डेलुलू होते. आता मी कुक्ड आहे. बाय."

अण्णाला काही उमगलं नाही. सुयोगने समजावून सांगितलं की त्या पोराने हिला नुसतं झुलवलं, हिला खोट्या आशेवर ठेवलं, आता सगळं संपलं असं ती म्हणते. तक्रारही त्यानेच लिहून दिली. खांदाही दिला.

अल्पेश गोराईचा. मासेमारी करणाऱ्यांच्या घरातला, एका शीतगृहात हिशेबनीस. श्रुतिकाची आणि त्याची ओळख होळीतली. मला ते स्थळ पसंत नव्हतं आणि ते मी कधी लपवलंही नाही. त्या दुपारी तो फाटकाशी घुटमळताना राजारामने दोनदा बघितला होता. पोलिसांनी संध्याकाळच्या आत उचलला. पोलीस ठाण्यात मला म्हणाला, आजी, तिनेच बोलावलं होतं, तुमच्याशी आमच्या लग्नाचं बोलायचं होतं, मी खाली वाट बघत होतो, ती आलीच नाही. मी त्याच्या कानाखाली वाजवली. बाकावरच्या हवालदाराने मान फिरवली.

तपास शिर्के मॅडमकडे होता. बाई कोरडी, पण कामाची. त्यांनी मला गच्चीच्या किल्लीचं विचारलं. गच्चीवर माझी कोकमाची सोलं वाळत होती. दर मे महिन्यात गावाहून रतांबे येतात, मी फोडून, रसात बुडवून, चादरींवर वाळत घालते, म्हणून किल्ली माझ्याकडे असते. मी सांगितलं, किल्ली आमच्या दाराआडच्या खिळ्याला असते, दवाखान्यातून आले तेव्हाही तिथेच होती, आणि परक्या माणसाला मी ती देत नाही.

"मग दार उघडं कसं?" मॅडम म्हणाल्या. "मुलीने उघडलं, तर किल्ली वर सापडायला हवी. किल्ली खाली खिळ्याला कोणी लावली?"

 

२

दहाव्याच्या आदल्या दिवशी दारात एक बाई येऊन उभी राहिली. काष्टा नेसलेली, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, अंगाने दणकट. मी ओळखली. अल्पेशची आई, सगुणाबाई. गोराईहून खाडी ओलांडून, दोन बस बदलून आली होती. आत ये म्हटलं नाही. ती पायरीवर बसली.

मला वाटलं रडेल, पाया पडेल. तसं तिने काही केलं नाही. म्हणाली की तुझी पोर गेली, मी तुला काय बोलणार. माझा पोर जन्मभर आत राहील, ते मी सोसेन. पण ज्या कागदावर तो आत गेला तो तुझ्या पोरीच्या मेसेजचा कागद मला तीनदा वाचून दाखवला, मला एक शब्द कळला नाही.

मग मान वर करून तिने विचारलं, "तुला कळला?"

मी तोऱ्यात म्हटलं, "अक्षर न् अक्षर कळलं."

"मग तू शिकलेली," ती म्हणाली, उठली आणि जिना उतरून गेली.

मी दार लावलं आणि तिथेच उभी राहिले. शिकलेली. मी चौथी. माझ्या पदवीवाल्या मुलाला त्या मेसेजमधलं अवाक्षर कळलं नव्हतं. मला सगळं कळलं होतं, सुयोगने फोड करून सांगण्याच्या आधीच. आणि मला कळला असेल, तर तो मेसेज श्रुतिकाने लिहिलेला असूच शकत नव्हता.

३

हे सांगायला मला वहीबद्दल सांगावं लागेल.

श्रुतिका अंधेरीच्या एका जाहिरात कंपनीत होती. तरुण पोरं सध्या कुठले शब्द बोलतात ते शोधायचं आणि त्या भाषेत जाहिरातीच्या ओळी लिहायच्या, हे तिचं काम. इंग्रजीत रोज नवे शब्द जन्माला येतात, कुठे खेळातून, कुठे कोणाच्या व्हिडिओतून, आणि सहा महिन्यांत जुने होतात. जुना शब्द जाहिरातीत वापरला की पोरं हसतात. पण शब्द जुना झाला हे ओळखायचं कसं? तिने त्यासाठी माप शोधून काढलं होतं. ते माप म्हणजे मी.

दर रविवारी जेवणं झाली की ती लांब वही काढायची. नवा शब्द देवनागरीत, मोठ्या अक्षरात, मला चष्म्याशिवाय दिसेल असा. पुढे अर्थ आणि तारीख. मला समजावून सांगायची, मी नाक मुरडायची. मग ज्या दिवशी तो शब्द माझ्या तोंडून आपसूक, बरोबर जागी बाहेर पडेल, त्या दिवशी ती लाल पेनने तो खोडायची, तारीख घालायची आणि म्हणायची, "आजी बोलली, शब्द मेला." कंपनीला सांगायची की हा आता वापरू नका. स्वतःही त्यानंतर तो शब्द तोंडात घेत नसे. मी मुद्दाम तो तिच्या तोंडून काढायला बघायची. तीन वर्षांत एकदाही चुकली नाही. या बाबतीत ती माझ्यावर गेली होती, धरलं ते सोडायचं नाही.

मी वही काढली. 

डेलुलू. अर्थ: स्वतःच्या मनातल्या खोट्या गोष्टीवर विश्वास ठेवून बसलेला माणूस. लिहिला दसऱ्याला. जानेवारीच्या शेवटी खोडला, कारण तळमजल्यावरची बाई म्हणाली बिल्डर यंदा दिवाळीला नव्या घराची चावी देणार, आणि मी म्हटलं, ही डेलुलू झाली.

ब्रेडक्रंब. अर्थ: जोडायचं नाही, तोडायचंही नाही, माणूस लटकत राहावा एवढंच अधूनमधून गोड बोलायचं. लिहिला दिवाळीच्या पाडव्याला. संक्रांतीला खोडला. मी तो आमच्या वॉर्डातल्या एका पुढाऱ्याला लावला होता, जो निवडणूक आली की एक टँकर पाठवतो.

कुक्ड. अर्थ: पुरती वाट लागलेला. लिहिला तुळशीच्या लग्नाला. रथसप्तमीला खोडला. नळ गेला होता आणि मी म्हटलं होतं, आज आपण कुक्ड.

तिन्हींवर लाल रेघ. मे उजाडेपर्यंत तिन्ही शब्द कधीच मेलेले. आणि मरायला निघालेली पोर मेलेले शब्द वेचून आपल्या घरच्यांना लिहील? ज्या ग्रुपवर मी आहे, त्या ग्रुपवर?

मी वही पदरात गुंडाळली आणि दहाव्याला अंधेरी गाठली. अण्णा म्हणाला, आज कुठे? मी म्हटलं, तू भात ठेव, कावळा माझ्यासाठी थांबणार नाही.

४

कंपनीत तिची मैत्रीण होती क्षमा. फेब्रुवारीत लागलेली, श्रुतिकाच्या शेजारच्या टेबलावर बसणारी. नाकात चमकी, डोळे सुजलेले. मला जिन्याजवळ घेऊन आली आणि आधी पाणी दिलं, हे मी लक्षात ठेवलं.

मी तिला सरळ विचारलं की माझी नात तुझ्याशी रोज फोनवर लिहून बोलायची का. रोज, म्हणाली, दिवसाला शंभर वेळा. मी म्हटलं, मग तुझ्या फोनमध्ये हे तीन शब्द शोध. शोधायची सोय असते, एवढं मला ठाऊक आहे.

तिने शोधले. तिचे स्वतःचे सापडले, पुष्कळ. श्रुतिकाचा एकही नाही. फेब्रुवारीपासून मेपर्यंत एकदाही नाही. उलट एका ठिकाणी क्षमाने डेलुलू लिहिलं होतं आणि श्रुतिकाने खाली लिहिलं होतं, "हा मेला. आजीने मारला. दुसरा शोध."

क्षमाने ते वाचलं आणि तोंडावर ओढणी धरली.

मी तिला रडू दिलं, मग विचारलं, ऑफिसात हिचं कोणाशी वाकडं होतं का. तिने ऐकीव गोष्ट सांगितली. देवेश नावाचा एक वरिष्ठ होता, श्रुतिकाच्या ओळी स्वतःच्या नावावर खपवायचा. हिने तक्रार केली. तो नवरात्राच्या आधीच बंगळूरला गेला. त्या आठवड्यात मात्र मुंबईत आला होता, इथे ऑफिसातही येऊन गेला.

मी वही उघडली. नवरात्राच्या आधी. डेलुलू दसऱ्याचा, बाकीचे दोन त्याच्याही नंतरचे. देवेशशी ती हे शब्द कधी बोललेलीच नव्हती.

क्षमाने मग शंका काढली, आणि शंका बरोबर होती. "आजी, हे शब्द तर सगळ्यांनाच माहीत असतात. कोणीही लिहील."

"कोणीही लिहील," मी म्हटलं. "पण ज्याला हिचा आवाज काढायचाय तो काय करेल? हिची जुनी पत्रं काढेल आणि बघून लिहील."

 क्षमा हळू आवाजात म्हणाली की श्रुतिकाने तिला एकदा सांगितलं होतं, अल्पेशच्या आधी कोणीतरी होता. दिवाळी ते संक्रांत. नाव सांगितलं नाही. एवढंच म्हणाली होती की नाव घेतलं तर घरात आजीला त्रास होईल.

मला. त्रास.

५

बसमध्ये बसल्यावर मी बोटांवर मोजलं. तिन्ही शब्द एकदम जिवंत होते ते तुळशीच्या लग्नापासून संक्रांतीपर्यंत. दोन महिने. अल्पेश होळीचा. तो भेटला तेव्हा तिन्ही शब्द मरून गेलेले. त्याच्या फोनमध्ये ते असणार नाहीत. क्षमा फेब्रुवारीची. देवेश आधीच गेलेला. उरला तो, ज्याचं नाव घेतलं तर मला त्रास होणार होता.

खरं सांगायचं तर नाव मला घाटकोपर यायच्या आत कळलं होतं. विक्रोळीपर्यंत मी ते स्वतःपासून लपवलं.

तुळशीच्या लग्नाला मीच श्रुतिकाला म्हटलं होतं, सुयोगबरोबर जा, ऊस घेऊन या. त्याच्या मोटरसायकलवरून सकाळी स्टेशनला सोडायला मीच लावून दिलं होतं. आपल्या गावाकडचा, आपल्या जातीचा, नोकरीवाला. सुंदराबाईला मी बोलले नव्हते, पण मनात सनईसुद्धा ठरवली होती. आणि संक्रांतीला तो तिळगूळ घ्यायला आला, हात पुढे केला, तर हिने त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला नाही. वाटी टेबलावर ठेवून आत गेली. त्याच्यादेखत मी तिला झापली होती. घरी आलेल्या माणसाला तिळगूळ देत नाहीस, एवढा कसला माज? 

आणि किल्ली.

गुरुवारी बाराच्या सुमारास सुयोग आला होता. आईचे पापड वाळत घालायचेत, किल्ली दे आजी. मी दिली. दवाखान्यात जाताना दार नुसतं ओढून घेते, तो नेहमीसारखा येऊन खिळ्याला लावून जाईल म्हणून. पोलिसांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले नव्हते. परक्याला मी किल्ली देत नाही. सुयोग माझ्या हिशेबात परका नव्हताच. तो मोजायच्या माणसांत नव्हता. मॅडम मला विचारत होत्या आणि तो माझ्या शेजारी उभा राहून माझ्यासाठी पाण्याची बाटली उघडत होता.

पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे. तिळगूळ दिला नाही म्हणून कोणी खुनी ठरत नाही, किल्ली नेली म्हणूनही नाही. मला असं काही हवं होतं जे माझ्या तोंडून नाही, त्याच्या घरातून येईल.

मी पोलीस ठाण्यात गेले आणि मॅडमना गच्चीचे फोटो दाखवा म्हटलं. अगदी पहिला, पोलीस आत पाऊल टाकण्याच्या आधीचा. त्यात माझ्या सोलांची चादर होती आणि तिचा एक कोपरा तुडवलेला होता. सोलं चिरडून लाल रस पसरलेला. श्रुतिकाला मी सकाळी सांगितलं होतं, अर्ध्या दिवसाने येशील तर चारला सोलं उलटून घे. म्हणून ती वर गेली. ती चालायला लागली तेव्हापासून त्या चादरींच्या कडेकडेने चालत आली. आणि मॅडम म्हणाल्या, तिच्या दोन्ही चपलांना लाल डाग नाही.

मग कोणाच्या पायांना होता?

६

सुंदराबाई आणि मी चाळीस वर्षांच्या शेजारणी. तिचं बाळंतपण मी केलं. सुयोगची नाळ पुरताना मी होते. मी तिच्या घरी गेले तेव्हा ती गॅलरीत कपडे काढत होती. मला बघून म्हणाली, बस काकी, चहा टाकते, किती वाळलीस.

मी काहीच विचारलं नाही. विचारायची वेळच आली नाही. दोरीच्या टोकाला एक बुटांचा जोड उलटा टांगला होता. कापडी, पांढरा, सुयोगचा. पुढच्या बाजूला आणि कडेला ढगासारखे डाग. लाल नव्हेत. निळसर, राखाडीवर गेलेले.

सुंदराबाईने माझी नजर पाहिली. "बघ ना गो काकी. चार वेळा घासले. पहिल्यांदा साबण लावला तर डाग निळाच झाला. कसले डाग असतील हे? तो सांगतही नाही. तुझ्या सोड्याने जातील काय?"

कोकमाचा रस कापडाला लागला आणि त्यावर साबण फिरला की लाल जाऊन निळं उमटतं. आम्हा कोकणच्या बायकांना हे विचारावं लागत नाही. माझ्या सगळ्या जुन्या लुगड्यांना तसे डाग आहेत. सुंदराबाईलाही माहीत होतं. चाळीस मे महिने तिने माझ्याबरोबर रतांबे फोडलेत. पण आपल्या मुलाच्या बुटांकडे बघताना तिला ते आठवलं नाही. किंवा आठवू दिलं नाही. मला तिची परीक्षा घ्यायची नव्हती.

चहा येईपर्यंत ती मुलुंडच्या स्थळाचं बोलत राहिली. मुलीच्या बापाचे दोन फ्लॅट आहेत, गेल्या गणपतीपासून बोलणी चालू आहेत, सुयोगच लांबवतो. गणपतीपासून. म्हणजे दिवाळीत माझ्या नातीला मागे बसवून फिरवत होता तेव्हा मुलुंडही चालू होतं. वहीतला अर्थ मला पाठ होता. जोडायचं नाही, तोडायचंही नाही.

चहा मी प्याले. कप विसळून ठेवला. जिन्यात थोडा वेळ बसले. वर सगुणाबाई बसली होती ती पायरी दिसत होती. एका आईचा मुलगा सोडवायचा तर दुसरीचा द्यावा लागणार होता, आणि दुसरीच्या हातचा चहा अजून माझ्या घशात गरम होता.

मग मी मॅडमना फोन लावला.

७

मॅडम साध्या साडीत आल्या आणि आमच्या स्वयंपाकघरात पडद्याआड बसल्या. मी सुयोगला वर बोलावलं. म्हटलं, तेराव्याचं सामान लिहून दे, अण्णाला सुचत नाही. तो आला. पायात आज चामड्याच्या चपला.

यादी झाली. मग मी वही त्याच्यासमोर ठेवली आणि ती काय आहे ते सांगितलं. कोणता शब्द कधी लिहिला, कधी मेला. त्याला या वहीचं काही ठाऊक नव्हतं. दोन महिने बरोबर फिरला, पण ती आजीबद्दल काय बोलते ते त्याने कधी ऐकलं नसणार. तो हसायला बघत होता. मी तीन लाल रेघांवर एकेक बोट ठेवलं, तसं हसू गेलं.

म्हणाला, आजी, माणूस दुःखात काहीही लिहितो.

"लिहितो ना," मी म्हटलं. "तिने संक्रांतीच्या आधी तुला लिहिलं होतं. तेव्हा हे शब्द जिवंत होते. तुझ्या फोनात अजून असेल. नसेल तर पोलीस काढतात म्हणे पुसलेलं."

तो उठला नाही. त्याने फोन खिशातून काढून मांडीखाली घेतला, लहानपणी चोरलेला लाडू दडवायचा तसाच.

"किल्ली तू नेलीस. बुटांचा डाग साबणाने निळा झालाय, तुझी आई मला उपाय विचारते. सोलांवरून कोण चाललं रे? तुला तर मी लहानपणी पाय धुवून तिथे न्यायची."

 मग तो बोलायला लागला, माझ्याकडे न बघता. दुपारपासून दार त्याने उघडंच ठेवलं होतं, किल्ली त्याच्या खिशात होती. चारला गच्चीवर पापड काढायला गेला तर ती सोलं उलटत होती. फोनवर कोणाला तरी लिहीत होती, हसत होती. त्याने कोण ते विचारलं. तिने सांगितलं, आज आजीला सांगणार आहे. त्याने फोन हिसकावला. तिने ओढला. कठडा कमरेच्याही खाली आहे. तो म्हणत होता, मी ढकलली नाही आजी, ती ओढत होती, मी सोडला नाही, मग तिचा हात सुटला.

"मग?"

"मग फोन माझ्या हातात होता. उघडाच."

तिथे बसून त्याने आपला फोन काढला, जानेवारीचा तिचा मेसेज शोधला आणि बघून बघून उतरवला. शिर्के मॅडमनी नंतर तो मला वाचून दाखवला: "सुयोग, तू मला दोन महिने ब्रेडक्रंब केलंस. मी डेलुलू होते. आणखी थांबले तर कुक्ड होईन. बाय." त्याने नाव बदललं, शेवटून दुसरं वाक्य फिरवलं. दोन महिने तेवढे जमून गेले.

ढकलली की सुटली, ते कोर्ट ठरवेल. मी तिथे नव्हते. पण खाली माझी नात पडली होती, कदाचित जिवंतही असेल, आणि हा हाक न मारता, खाली न धावता, माझ्या सोलांवर उभा राहून शब्द जुळवत होता. फोन कठड्यावर ठेवला, दार उघडं टाकलं, किल्ली माझ्या खिळ्याला लावली. आणि संध्याकाळी तोच मेसेज मला मोठ्याने वाचून दाखवला. त्याचं मात्र मी ठरवून टाकलंय.

मॅडम पडद्याआडून आल्या. त्याने जाताना माझ्याकडे वळून बघितलं. जिन्यात सुंदराबाई उभी होती.  मी दार लावून घेतलं. त्या दिवसापासून तिच्या घरातून माझ्या घरात काही आलेलं नाही, आणि आमच्या घरातून तिच्याकडे काही गेलेलं नाही.

८

अल्पेश सुटल्यावर मी गोराईला गेले. होडीत बसले, पलीकडे उतरून विचारत विचारत त्यांचं घर काढलं. सगुणाबाई अंगणात बोंबील दोरीवर घालत होती. माझ्या नातीच्या मरणाआधी मी अशा घराचा उंबरा ओलांडला नसता. मी तिला सांगितलं की माझं चुकलं. तुझ्या मुलावर हात उचलला, आणि किल्ली कोणी नेली हे मला माहीत असून सांगितलं नाही, कारण तो आमचा होता आणि हा तुमचा.

तिने ऐकून घेतलं. माफ केलं असं म्हणाली नाही. आत ये म्हणाली, तेवढं मला पुष्कळ झालं.

अल्पेश पोर वाळला होता. गालावर माझ्या हाताचं काही उरलं नव्हतं, तरी माझी नजर तिथेच जायची. मी पिशवीतून वही काढून त्याला दिली. त्याने सगळी पानं बघितली, लाल रेघांवरून बोट फिरवलं, कुठे कुठे थोडा हसलाही. मग शेवटच्या पानावर थांबला.

तिथे एक शब्द आहे. ती गेली त्याच्या आधीच्या रविवारचा. अर्थ दोन ओळींत लिहिलेला, तारीख घातलेली. लाल रेघ नाही.

"हा खोडायचा राहिला," तो म्हणाला. "आजी, तुम्हाला हा कळला नाही?"

मला कळलाय. कुठे वापरायचा तेही कळलंय. सकाळी तिचा कप दिसला की तो तोंडावर येतो, चार वाजता गच्चीकडे बघितलं की येतो. आत्ता या अंगणात त्याच्याकडे बघतानाही अगदी ओठांपर्यंत आला होता.

मी वही मिटून परत घेतली.

"कळलाय," मी म्हटलं. "पण मी बोलणार नाही."